निळा ठोकळा

“हे काय आहे?” सी अन्वरांनी विचारलं.

“ठोकळा,” मुफिदा म्हणाली.

“ते मला दिसतंय. लाकडाचा ठोकळा आहे, लाल रंगवलाय, वर पाचचा आकडा काढलाय. वाचनालयाच्या फळीवर तो काय करतोय, ते विचारतोय मी.”

“पाचव्या खंडाची जागा राखतोय.”

“आणि पाचवा खंड कुठाय?”

“हमऱ्याला.”

सी अन्वरांनी ठोकळा उलटासुलटा करून पाहिला आणि शेजारचा उचलला. तो हिरवा होता. त्याच्या पलीकडचा पिवळा, मग एक जाडजूड खरा खंड, मग पुन्हा लाल. पंधरा खंडांचा विश्वकोश, त्यातले दोन जागेवर, एक जागा रिकामी आणि बाकी सगळं लाकूड. ते खालच्या फळीकडे वळले. कायद्याच्या संचाची तीच तऱ्हा, औषधांच्या संचाची तीच, इतिहासाची त्याहून वाईट. वाचनालयांच्या वरच्या कचेरीत इतकी वर्षं काढली, पण पुस्तकांऐवजी सरपण रचून ठेवलेलं वाचनालय त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

कचेरीचा माणूस तपासणीला येणार हे मुफिदाला आधीच कळलं होतं, तरी तिने काही आवरासावर केली नव्हती. ऐन झर्का हे गव्हाच्या माळावरचं थंड, वाऱ्याचं गाव. वाचनालयाला खोल्या दोन, रॉकेलची शेगडी एक, आणि शेगडीजवळची खुर्ची खालती दूजाची, म्हणजे दूजा मावशीची. ती खुर्ची पाहुण्यासाठी रिकामी करावी असंही मुफिदाला वाटलं नाही. सी अन्वर, म्हणजे अन्वरसाहेब, कोट अंगात ठेवूनच उभे होते.

“हिरवा म्हणजे सिद्रा, पिवळा रमला, लाल हमरा, काळा कुद्या,” मुफिदा म्हणाली. “आमचा निळा. आमचा खंड त्या गावांत हवा असेल तर त्यांच्याकडचा निळा ठोकळा इथे येतो. तो आम्ही मोकळ्या जागी उभा करतो आणि खंड पाठवतो. खंड परत आला की ठोकळा परत.”

“पाठवता कशातून?”

“मसालेवाल्या लझरच्या टोपलीतून.”

सी अन्वरांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे सरकारी पुस्तकं जिऱ्याबरोबर गावोगाव फिरतात.”

“जिऱ्याने वाळवी लागत नाही,” शेगडीपाशी बसलेली खालती दूजा म्हणाली. ती पुस्तकातून मान वर न काढता बोलली होती, बोट ओळीवर होतं.

सी अन्वर तिच्याकडे वळले. तिच्या मांडीवर विश्वकोशाचाच तेरावा खंड होता. “हाज्जा, ते जरा इकडे द्या.”

“मी हजला गेलेली नाही, मला हाज्जा म्हणू नका. आणि हे वाचून व्हायचंय. मीम अक्षर चाललंय माझं.”

म्हातारी सत्तरीला टेकली होती. नवरा गेल्यावर प्रौढ बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली आणि शिकल्यावर तिने विचारलं, सगळ्यात मोठं पुस्तक कोणतं. मुफिदाने विश्वकोश दाखवला. तेव्हापासून ती अलिफपासून निघाली होती ती आता मीमपर्यंत आली होती. गावात तिच्याशी वाद घालायची सोय उरली नव्हती. लामपर्यंतच्या कुठल्याही गोष्टीवर ती बोलायची, आणि मीमच्या पुढचं निघालं की म्हणायची, “ते अजून आलेलं नाही, थांबा.”

“हे माझ्या नावावर आहे,” ती म्हणाली. “विचारा हिला.”

मुफिदाने मान हलवली. सी अन्वरांनी सुस्कारा सोडला. “राहू दे. वाचकाच्या नावावर असलेलं पुस्तक मोडीत काढता येत नाही. परत आलं की बघू.”

“मोडीत?” मुफिदा म्हणाली.

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, कारण हे काम त्यांनी पुष्कळ ठिकाणी केलं होतं. अपुरा संच म्हणजे निकामी संच. निकामी संच फळीवर ठेवायचा नाही, रद्दीत द्यायचा. तिने सांगितलं त्यावरून या पाचही वाचनालयांत एक संच पुरा नाही. ते वगळले तर इथे जे उरतं ते एका कपाटात मावेल, आणि ते कपाट शाळेत ठेवता येईल. इमारत नगरपालिकेला हवीच आहे. पुढच्या गुरुवारी ट्रक येईल, सुरुवात ऐन झर्कापासून.

“गुरुवारी इथे बाजार असतो,” मुफिदा म्हणाली.

“असू दे,” सी अन्वर म्हणाले आणि लाल ठोकळा फळीवर ठेवून दिला. चुकीच्या जागी ठेवला. ते गेल्यावर मुफिदाने तो उचलून नीट लावला.

ही कल्पना तिचीच होती, हेच तिला सर्वांत जास्त लागलं. पूर्वी कचेरीची पुस्तकांची गाडी पाचही गावांना यायची. आधी तिचं चाक गेलं, मग इंजिन गेलं, मग ती येईनाशीच झाली. प्रत्येक वाचनालयाला वर्षाकाठी मिळायचं ते चिमूटभर. त्यात पाचही ग्रंथपाल तीच ती पाठ्यपुस्तकं आणि त्याच त्या कादंबऱ्या घ्यायचे. पाच चुली आणि पाचांवर एकच कालवण. एका प्रशिक्षणाच्या वेळी पाचहीजण जेवायला एकत्र बसले असताना मुफिदा म्हणाली होती, आपण एकच पुस्तक दोनदा घ्यायचं नाही. मोठे संच वाटून घ्यायचे. तीन तुझे, तीन माझे. सिद्र्याच्या सादोकने विचारलं होतं की एखादं वाचनालय बंद पडलं तर? तेव्हा ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, “म्हणूनच तर वाटायचे. एकाला हात लावला तर पाचही ओरडतील.”

सादोक सुताराचा मुलगा. ठोकळे त्याने केले, वडिलांच्या दुकानातल्या चौकटींच्या तुकड्यांचे. आणि फिरवण्याचा प्रश्न मसालेवाल्या लझरने सोडवला, तोही न सोडवता. सोमवारी हमरा, मंगळवारी सिद्रा, बुधवारी रमला, गुरुवारी ऐन झर्का, शुक्रवारी कुद्या, असा त्याचा बाजारांचा फेरा बापजाद्यांपासून ठरलेला होता. त्याच्या गाडीत हळदीच्या पोत्यांमध्ये एक टोपली ठेवायची, एवढंच करायचं होतं. त्याने विचारलं, “पुस्तकं चावतात का?” नाही म्हटल्यावर तो तयार झाला.

दवाखान्यातली नर्स रात्रपाळीला औषधांचा संच एकेक खंड करून वाचून काढते, मेंढरं राखणारा एकजण कायद्याचा सातवा खंड मागवून भावाशी जमिनीचा वाद जिंकतो, असं या टोपलीतून झालं होतं. मुफिदाने लग्न केलं नाही. टपाल कचेरीमागे दोन खोल्यांत ती एकटी राहायची. जिभेने तिखट म्हणून गावात नाव होतं. तुझं म्हणून काय आहे, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने वाचनालय म्हटलं नसतं. तिने हा फेरा म्हटला असता.

रविवारी सादोक लुआजने आला. भाड्याची गाडी भरेपर्यंत तो सिद्र्याच्या थांब्यावर ताटकळला होता, त्यामुळे आधीच वैतागलेला होता. मुफिदाने शेगडीवर पुदिन्याचा चहा ठेवला. त्याने पेला हातात घेतला आणि प्यायलाच नाही.

“हात दाखवून अवलक्षण केलंस तू, लल्ला मुफिदा,” तो म्हणाला. रागातही तो तिला लल्ला, म्हणजे बाई, म्हणायला चुकला नाही. “ज्याचे संच पुरे होते त्याला कुणी विचारत नाही. आपण शहाणपणा केला आणि पाचहीजण अपुरे ठरलो.”

“तेव्हा तर ठोकळे रंगवताना शीळ वाजवत होतास.”

“तेव्हा ट्रक नव्हता येत.” तो पुढे झुकला. “ऐक. एक मार्ग आहे. लझरच्या गाडीत सगळे खंड गोळा करायचे. अन्वरसाहेब बुधवारपर्यंत रमल्यात तपासणी करतायत, मग तुझ्याकडे येणार. त्यांच्या आधी इथे पूर्ण संच मांडायचा, पंधराच्या पंधरा. इथले ठोकळे त्यांनी पाहिलेत, पण विचारलं तर म्हणायचं, सगळे खंड परत आले. ते कुद्याला निघाले की संच त्यांच्या आधी कुद्याला. मग हमरा, मग माझ्याकडे. चार गावांत चार वेळा तोच संच बघतील. कळणारही नाही.”

“जिऱ्याचा वास येईल.”

“थट्टा नको. जमतंय ते.”

जमलं असतं. लझर रस्ते जाणत होता आणि सी अन्वर पुस्तकं उघडून बघणाऱ्यातले नव्हते. मुफिदाने चहा ओतता ओतता विचार केला आणि तिला मनापासून चीड आली. सादोकची नाही, त्या पंधरा खंडांच्या नीटस ओळीची.

“नाही,” ती म्हणाली.

“का?”

“मग मी त्या माणसाला काय सांगितलं? की तुमचंच बरोबर, वाचनालयाकडे सगळं स्वतःचं असलं पाहिजे, आणि बघा, माझ्याकडे आहे. ते खोटं आहे, सादोक. माझ्याकडे नाही. माझ्याकडे तीन आहेत आणि तुझ्याकडे तीन आहेत, आणि हमऱ्याच्या माणसाला हवं तेव्हा तुझं मिळतं. त्यात मला लाज वाटत नाही. ठोकळे लपवायचे नाहीत.”

“ठोकळे लपवू नकोस. ट्रकमध्ये भर ते.” तो उठला. “पाण्यात राहून माशाशी वैर. तुझ्या ताठ मानेपायी पाच गावं बुडाली म्हणतील लोक.”

“लोक माझ्या तोंडावर म्हणू देत.”

“मी म्हणतोय की तोंडावर,” सादोक म्हणाला आणि चहा तसाच ठेवून गेला. दारातून गेलेला माणूस परत येतोय का हे बघायला मुफिदा उठली नाही, पण कान तिकडे लावून मात्र बसली.

सोमवारी खालती दूजा आली तेव्हा मुफिदा एकेका खंडावरची धूळ पुसत होती. जाणाऱ्या माणसाला आंघोळ घालावी तसं. दूजाने बघितलं आणि खुर्चीत बसून पुस्तक उघडलं.

“मरणावर चार ओळी आहेत,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “मिठावर दोन पानं. बरोबरच आहे. मीठ रोज लागतं.”

“खालती, गुरुवारी ट्रक येणार.”

“ऐकलंय. पुढचा खंड सिद्र्याचा ना? नून. त्यात मधमाशी येते. तीस वर्षं पोळी सांभाळली, तिच्याविषयी पुस्तकात काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय मी मरायची नाही.”

“चौदावाही जाईल रद्दीत. हाही. आधी हा मला परत—”

“हा कसा जाईल? हा माझ्या नावावर आहे.” म्हातारीने चष्म्यावरून बघितलं. “गुरुवारी मी हा घेऊन घरात बसते. तो काय माझ्या उशीखालून काढणार आहे? कोटवाल्यानेच सांगितलं ना, वाचकाकडचं मोडीत निघत नाही. माझ्यासमोर बोललाय तो.”

मुफिदाच्या हातातलं फडकं थांबलं. ती फळीकडे बघत राहिली, मग दूजाकडे, मग पुन्हा फळीकडे.

“असं काय बघतेस?” दूजा म्हणाली. “मी मीम सोडणार नाही.”

“सोडू नका,” मुफिदा म्हणाली. खूप दिवसांनी ती हसली.

गुरुवारी पहाटेच लझरची गाडी आली. मुफिदा त्याच्या आधीच बाजारात उभी होती. त्याने पोती उतरवली, ती त्याच्या कानाशी लागून बोलली आणि त्याने ऐकून घेतलं. “उद्या कुद्याला सांगतो,” तो म्हणाला. “मग हमऱ्याला, सिद्र्याला, रमल्याला. एवढं माझ्या डोक्यात राहतं. पण सिद्र्याचा सादोक तुझ्यावर फुगलाय.”

“तरी सांग.”

मग तिने वाचनालयाची दोन्ही दारं उघडी टाकली आणि स्वतः पायरीवर उभी राहिली. बाजाराला आलेली माणसं तिच्या समोरूनच जायची. ती हाका मारायला लागली. मुफिदा हाका मारते हे ऐन झर्काने कधी ऐकलं नव्हतं. ती आत बसायची आणि लोक घाबरत आत जायचे.

“सालेह, इकडे ये. कायद्याचा दुसरा खंड घे.”

“मला कुठे खटला लढायचाय?” खाटीक सालेह म्हणाला.

“लढायचा नसला म्हणजे आणखी बरं, निवांत वाचशील. नाव सांग, सही कर.”

“हात रक्ताचे आहेत.”

“मग अंगठा दे.”

लोकांना आधी गंमत वाटली. मग कुणीतरी ट्रकचं बोललं, आणि ही बातमी भाजीच्या ओळीतून मेंढरांच्या बाजारापर्यंत गेली, आणि गंमत राहिली नाही. जुन्या कपड्यांच्या ढिगावर वाकलेल्या बायका उठून आल्या. एकीला वाचता येत नव्हतं. मुफिदा म्हणाली, सून वाचेल. तिने विचारलं, सुनेलाही येत नसेल तर? मुफिदा म्हणाली, मग घरात ठेव, तिला शिकावंसं वाटेल. तबूनाच्या भट्टीतली भाकरी विकणाऱ्या बाईने शेतीचा संच टोपलीत भाकरीखाली ठेवला. मेंढरांच्या दलालाने इतिहास मागितला तो जाडीकडे बघून. ज्यांना काहीच नको होतं तेही घेऊन गेले, कारण नगरपालिका इमारत घेणार हे ऐकल्यावर नगरपालिकेचा विषय निघाला, आणि तो विषय निघाला की ऐन झर्कात कुणी मागे राहत नाही.

खालती दूजा पांढरी सफसारी अंगाभोवती गुंडाळून आली आणि तिने आत जाऊन फळीसमोर ठाण मांडलं. “याला हा नको,” ती म्हणायची. “याला कळणार नाही. अलिफपासून दे त्याला, सुरुवात तिथून होते.” तिला बाजूला करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

ट्रक आला तेव्हा दुपार कलली होती. सी अन्वर आत आले आणि दारातच थांबले. फळ्यांवर लाल, हिरवे, पिवळे, काळे ठोकळे आपापल्या जागी उभे होते, आणि त्यांच्यामधल्या जागा रिकाम्या होत्या. एकही खंड नव्हता.

“पुस्तकं कुठायत?”

“वाचकांकडे.”

“सगळी?”

“आज बाजार होता. गर्दी फार.”

त्यांनी रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. “एकाच दिवशी अख्ख्या गावाला कायदा आणि औषधं वाचायची झाली.”

“गावाला एवढं वाचनाचं वेड आहे, हे अहवालात लिहा.”

“बाई, माझी थट्टा करू नका.”

“थट्टा नाही करत.” मुफिदा टेबलामागून पुढे आली. आवाज चढला नव्हता, पण ती जे बोलली ते बाहेर पायरीवर उभ्या असलेल्या लोकांनाही ऐकू गेलं. “तुम्ही आलात आणि म्हणालात हे अपुरं आहे. हो, अपुरं आहे. या माळावर कुणाकडे पुरं आहे? विहीर एकाची, दोर दुसऱ्याचा, असंच चालतं इथे. तुम्ही दोर मोजता आणि म्हणता विहीर नाही, विहीर मोजता आणि म्हणता दोर नाही. पाच गावांत मिळून एक पुरं वाचनालय आहे. ते मी तुम्हाला ट्रकमध्ये भरू देणार नाही. आणि मी केलंय ते नियमात बसतं. तुम्हीच सांगितलेला नियम आहे.”

सी अन्वरांनी पायरीवरच्या लोकांकडे पाहिलं. ते दुष्ट नव्हते, थकलेले होते, आणि पुढे आणखी चार गावं होती.

“नियमात बसतं,” ते म्हणाले. “पण तुम्ही मात्र आता इथे बसणार नाही. चावी द्या.”

तिने चावी दिली. पर्समधून काढून, कडीसकट.

ट्रकचा ड्रायव्हर दारात आला. “साहेब, रिकामा ट्रक परत नेला तर डिझेलचा जाब कोण देणार?”

सी अन्वरांनी इकडेतिकडे बघितलं. “हे लाकूड भरा,” ते म्हणाले.

ठोकळे भरले गेले. फावड्याने ओढावेत तसे फळीवरून खाली ओढले, पोत्यात टाकले. मग फळ्याही काढल्या, खुर्च्या काढल्या. खालती दूजा कोपऱ्यात सफसारी घट्ट ओढून उभी होती, तिची खुर्ची गेली तेव्हाही ती काही बोलली नाही, आणि तिने काही बोलू नये याचं मुफिदाला नवल वाटलं. पुस्तकं बचावली होती, पण ठोकळे जाताना बघून मुफिदाला रडू आलं. लोकांसमोर आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

दाराला लाखेचं सील लागलं. दोन दिवसांनी तिला शहरातल्या गोदामात बदलीचा हुकूम आला. ती गेली नाही. तिने उत्तरही लिहिलं नाही. शेजारच्या टपालवाल्याने समजावलं की जा, पगार तरी चालू राहील. ती म्हणाली, “गोदामात पुस्तकं झोपलेली असतात. मला झोपलेल्यांची राखण करायची नाही.”

बोलायला ठीक होतं. रात्री मात्र ती हिशोब मांडून बसायची. पैशांचा नव्हे. पुस्तकं बचावली, पण ती आता घराघरांत एकटी पडली. कुणाकडे काय आहे हे तिला ठाऊक होतं, पण हमऱ्याच्या माणसाला ते कसं कळावं? ठोकळ्यांशिवाय फेरा कसला? सादोकचं बोलणं तिला आठवायचं. त्या खंडांना तिने ट्रकमधून वाचवलं आणि उशांखाली पुरलं, असं तिला वाटायचं.

पुढच्या गुरुवारी ती बाजारात गेली ती फक्त जिरं आणायला. लझर पोती मांडून बसला होता. तिला बघताच त्याने गाडीत हात घातला आणि टोपली पुढे केली.

“ही कशाला?” मुफिदा म्हणाली. “वाचनालयाला कुलूप आहे, लझरकाका. तुला ठाऊक नाही का?”

“मला कुलपाचं काय करायचंय? मंगळवारी सिद्र्यात सादोकने दिली. म्हणाला, तिला दे.” त्याने जिरं तोलता तोलता सांगितलं. “त्याच्याकडेही फळ्या रिकाम्या झाल्यात. बायका डोक्यावर पुस्तकं घेऊन चालल्या होत्या, मला वाटलं भाकऱ्याच. चावी अजून त्याच्याच खिशात आहे. मागितली तर सापडत नाही म्हणतो.”

टोपलीत वर फडकं होतं. तिने ते बाजूला केलं. खाली निळा ठोकळा होता, तेराचा आकडा असलेला. सिद्र्याच्या फळीवर इतकी वर्षं उभा राहून त्याच्या एका बाजूचा रंग उन्हाने उडाला होता.

सिद्र्यात कुणाला तरी ऐन झर्काचा तेरावा खंड हवा होता. कागदावर ऐन झर्काला वाचनालय नव्हतं. सादोकने तरी ठोकळा पाठवला होता.

मुफिदा तो हातात धरून तशीच उभी राहिली. मागची बाई म्हणाली, “लल्ला, जिरं घ्यायचंय की नाही?” तेव्हा ती बाजूला झाली आणि टोपली घेऊन चालू लागली. जिरं तिथेच राहिलं.

खालती दूजा ओसरीत उन्हाला बसली होती, मांडीवर तेरावा खंड. मुफिदाने ठोकळा तिच्या पुढे धरला. म्हातारीने तो बघितला, आकडा वाचला, आणि ओठ आवळले.

“तीन पानं राहिलीत.”

“लझर निघेल, खालती.”

“निघू दे. बाजार उठल्याशिवाय तो कुठे निघतो?” तिने बोट पुन्हा ओळीवर ठेवलं. “कुणाला हवाय?”

“ठाऊक नाही.”

“मग बरंच आहे. ओळखीच्याला दिला असता तर आधी त्याची लायकी बघावी लागली असती.”

ती वाचत राहिली. मुफिदा उंबऱ्यावर बसली. आतून लसूण आणि हरिसाच्या तिखट वाटणाची फोडणी दिल्याचा वास येत होता, बाहेर मेंढरांचा आवाज हळूहळू कमी होत होता. म्हातारीने शेवटचं पान संपवलं, ते एकदा तळहाताने सपाट केलं आणि पुस्तक मिटलं. मग धुतलेल्या पंच्यात ते नीट गुंडाळून टोपलीत ठेवलं.

“थांब,” ती म्हणाली आणि सफसारीच्या आतल्या पदरात हात घातला. बराच वेळ चाचपलं. तिथून निघाला हिरवा ठोकळा, चौदाचा आकडा असलेला.

मुफिदा बघत राहिली. “हा ट्रकमध्ये गेला नाही?”

“तुझ्या त्या कोटवाल्याला सगळंच द्यायचं होय?” दूजाने ठोकळा टोपलीत, पुस्तकाच्या शेजारी ठेवला. “सादोकला म्हणावं लवकर पाठव. मधमाशी आहे त्यात.”

खिडकीत ऑलिव्हच्या तेलाची बरणी होती आणि बरणीशेजारी पुस्तकाएवढी जागा, रोज पुस्तक ठेवून ठेवून चुन्यावर तिचा आकार उमटलेला. म्हातारीने निळा ठोकळा उचलला आणि त्या जागी उभा केला. तो जरा वाकडा राहिला, तेव्हा मुफिदा उठली आणि तिने बोटाने तो सरळ केला.